राजुलबाईंचं भेव

राजुलबाई एस.टी.त कधी खिडकीशी बसल्या नाहीत. झाडाची फांदी आत येते, असं त्यांचं म्हणणं. दाराजवळ बसायच्या नाहीत, कारण दार उघडतं. ड्रायव्हरच्या मागे तर नाहीच, टक्कर झाली की पहिले तिथलेच जातात. मधल्या बाकावर, आतल्या अंगाला, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून त्या बसत आणि अचलपूर ते परतवाडा एवढ्याशा वाटेत जैनांचा णमोकार मंत्र पुटपुटत. परतवाडा आलं की उतरायचं भेव सुरू व्हायचं.

भेव हा त्यांचाच शब्द. वऱ्हाडात भीतीला भेवच म्हणतात, पण राजुलबाईंच्या तोंडी तो दिवसातून इतक्यांदा यायचा, की शाळेतल्या पोरी त्यांना मागून 'भेवबाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "म्हनू दे," त्या म्हणायच्या. "भेव म्हंजे दारातलं कुत्रं असते. भुकते म्हनून हाकलू नये."

मी एकोणीसशे साठच्या सुमारास अचलपूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा त्या चाळिशीच्या आत-बाहेर असतील. किडकिडीत बांधा, पांढरं लुगडं, पायात कापडी चपला. नवरा लग्नानंतर लवकरच तापानं गेलेला. घरी म्हातारी सासू. नवरा गेल्यापासून त्या अशा भित्र्या झाल्या असं शाळेत सांगत. सासूचं मत वेगळं होतं. ती म्हणे, ही मांडवातच विचारत होती की डेळीचा खांब पक्का रोवला आहे ना.

त्यांच्या भित्रेपणाला दोन तोंडं होती, हे मला उशिरा कळलं. आपल्याला काय इजा होईल याचं भेव त्यांना जेवढं, तेवढंच आपल्या हातून कोणाला काय होईल याचं. चपला घालण्याआधी झटकत, त्या आतल्या विंचवासाठी आणि विंचवाच्या जिवासाठीही. दिवस मावळला की जेवत नसत, अंधारात ताटात काय पडेल ते दिसत नाही म्हणून. डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले की त्या फळ्याला पाठ लावून उभ्या राहत. एकदा साहेबांनी विचारलं, "बाई, वर्गात छडी नाही?" तर राजुलबाई म्हणाल्या, "नाही जी. पोरीइले लागते." साहेब हसले. त्या हसल्या नाहीत, त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं.

माझी आणि त्यांची ओळख पाण्यावरून झाली, आणि ती काही गोडीनं झाली नाही. आम्ही छपन्न साली बौद्ध झालेलो. माझी आई अकोल्याच्या एका जिनात कामाला होती. तिनं कापसाच्या धुळीत खोकत मला शिकवलं. शाळेत शिपाई मला पाणी वरून ओतायचा. कोणी बोलत नसे, पण रिवाज ठरून गेला होता. एक दिवस मी रागानं उठले आणि माठात स्वतः पेला बुडवला. सगळ्या बाया वहीत डोकं घालून बसल्या. राजुलबाई मात्र उठल्या, पदराखालून दुहेरी फडकं काढलं आणि माझ्यामागून आपलं पाणी गाळून घेऊ लागल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "माझा विटाळ गाळून घेता काय?"

त्या घाबरून दोन पावलं मागे सरल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाही वं. पान्यात जीव असतात. तुहं बी गाळून देऊ?" आणि माझ्या हातातला पेला घेऊन त्यांनी खरंच माझंही पाणी गाळून दिलं, फडकं परत माठाच्या पाण्यात खळबळून जीव जिथले तिथे सोडले. त्या दिवसापासून आमच्या दोघींचं पाणी त्याच गाळत. शिपायाचं ओतणं बंद झालं.

पण त्यांना थोर वगैरे ठरवायची घाई करू नये. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला कोपऱ्यात गाठून सांगितलं, "सुमन, माह्या घरी येत जा, पन सैपाकखोलीत येऊ नोको. सासू आहे. मले भेव वाटते." इतकं सरळ तोंडावर मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं. तरी बाकीच्या बाया गोड बोलून घरीच बोलवत नसत, त्यापेक्षा हे बरं होतं.

राजुलबाईंच्या आयुष्यात धाडसाची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वर्षातून एकदा लेण्यावर जाणं.

अचलपूरहून अकोटकडे जाणारी सडक सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं जाते. तिच्या एका फाट्यावर उतरून सागाच्या जंगलातून, एक नाला ओलांडून वर चढलं की खडकात कोरलेलं जुनं जैन लेणं लागे. माघात तिथे छोटी यात्रा भरे. वाटेत अस्वलाचं भेव, पण ते किरकोळ. खरं भेव लेण्याच्या तोंडावर टांगलेलं असे. वरच्या कपारीला आग्यामोहोळं लागत, हातभर रुंद, काळी, एकापुढे एक. हिवाळ्यात येत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उठून जात. धूर करून ती काढून देतो म्हणून बाहेरची माणसं दरसाल विचारत, आणि जैनांचे पंच दरसाल नाही म्हणत. धूर म्हणजे हिंसा. माश्या जागच्या हलणार नाहीत, माणसानंच सांभाळून जायचं, असा जुना रिवाज होता.

म्हणून त्या लेण्यात दिवा लागत नसे. घंटेच्या लोळीला कापड गुंडाळलेलं असे. डोक्याला तेल नाही, केसांत फूल नाही, मोठ्यानं बोलणं नाही. दुपारनंतर ऊन आत शिरून मूर्तीच्या तोंडावर येई, तेव्हा चार-चार माणसांनी जाऊन दर्शन घ्यायचं. आणि पायऱ्यांच्या तळाशी राजुलबाई उभ्या राहून पुरुषांचे खिसे तपासायच्या. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. बिडी आणि काडीपेटीच्या भेवानं त्यांना झोप येत नसे, म्हणून त्यांनी ते आपणहून घेतलं होतं. मोठमोठे कापसाचे व्यापारी त्यांच्यापुढे निमूट खिसे उलटे करत. काडीपेट्या पदराला बांधून ठेवायच्या आणि "येतानी घेऊन जाजा," म्हणायच्या. बायांना त्या विचारत नसत. बायांपाशी कुठली काडीपेटी.

माझी आई त्या माघात अकोल्याहून माझ्याकडे राहायला आली होती. यात्रेची गोष्ट मीच बोलता बोलता काढली. दगडात कोरलेली मूर्ती, मांडी घालून, हात मांडीवर, डोळे मिटलेले. आईचा हात भाकरीवर तसाच थांबला.

"भगवानच असन तो," ती म्हणाली.

"आई, महावीर आहे तो. जैनांचा."

"तुवा पाह्यला काय?"

"नाही."

"मंग?"

दीक्षा घेतल्यावर आईनं घरातले सगळे देव नदीत सोडले होते. भिंतीवर बुद्धाची एक कागदी तसबीर होती, तिच्यापुढे ती रोज मेणबत्ती आणि अगरबत्ती लावायची. दगडाचा भगवान तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं हट्ट धरला. मी राजुलबाईंना विचारलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मले भेव वाटते."

"माश्यांचं?"

"माश्याइचं बी."

पण संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि आईला नियम सांगू लागल्या. सगळे खाली जेवायला बसले की मी तुम्हाला वर नेते, म्हणाल्या. तेल लावायचं नाही. भडक लुगडं नाही. "अन् देवाचं कोनतंच सामान घ्याचं नाही. दिवा नाही, आरती नाही, नारळ नाही."

आईचा चेहरा उजळला. "देव तं आमी केवाचेच सोडले, बाई," ती म्हणाली. राजुलबाईंचं समाधान झालं. आईचंही झालं. दोघी खरं बोलत होत्या, आणि दोघींपैकी एकीलाही कळलं नाही की पिशवीतल्या मेणबत्तीचा विषय राहूनच गेला. आईच्या हिशेबी मेणबत्ती हे देवाचं सामान नव्हतंच, ते देव सोडल्यानंतरचं होतं. आणि राजुलबाईंच्या जगात देवापुढे मेणबत्ती कोणी नेतच नसे.

त्या दुपारी यात्रेकरू नाल्याकाठी पंगतीला बसले होते. आम्ही तिघी वर चढलो. राजुलबाई पुढे, मधे मी, मागे आई. पायऱ्या कोरतानाच अरुंद ठेवलेल्या, दोन्ही बाजूंना खडक. वरून एक आवाज येत होता. आधी मला वाटलं की माझ्याच कानात वाजतं आहे. लेण्याच्या तोंडाशी येऊन वर पाहिलं. मोहोळं नुसती लटकत नव्हती, त्यांच्यावरून सारखी एक लाट सरकत होती. राजुलबाईंनी मागे हात करून माझं मनगट धरलं. त्यांची बोटं थंडगार होती. त्यांच्याएवढं भेव मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि या बाई रोज एवढं घेऊन कशा जगतात याचं नवल वाटलं.

आत वटवाघळांचा उग्र वास. डोळे सरावले तसे एकेक दिसू लागले. खांबांवर कोरलेले कलश, छतात उमललेलं दगडी कमळ, एका बाजूला आंब्याच्या डहाळीखाली बसलेली एक बाई आणि तिच्या मांडीवर लेकरू. "अंबिका," राजुलबाई माझ्या कानात म्हणाल्या. त्या लेकराचं डोकं हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं. मी तेच पाहत उभी राहिले. आई सरळ आत गेली होती.

उन्हाची तिरीप मधल्या मोठ्या मूर्तीच्या तोंडावर आली होती. पाण्यानं झिजलेलं नाक, मिटलेले डोळे. आई तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. ती रडत होती, आवाज न करता. मग काडी ओढल्याचा आवाज आला.

मी वळून पाहीपर्यंत मेणबत्ती लागली होती आणि अगरबत्त्यांचा धूर सरळ वर चढून, छताला लागून, लेण्याच्या तोंडाकडे निघाला होता.

राजुलबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मेणबत्ती तळहातानं दाबून विझवली, पेटत्या अगरबत्त्या मुठीत चुरगाळल्या आणि मूठ तशीच मिटून ठेवली. पण बाहेरचा आवाज बदलला होता. तो आता गुणगुणत नव्हता, ओरडत होता. लेण्याच्या तोंडाशी माश्या दाटून उजेडच कमी झाला.

"पळू नोका," राजुलबाई म्हणाल्या. "बसा. तोंड झाका. हात हालवू नोका."

मूर्तीच्या मागे, भिंतीच्या सांदीत, त्यांनी आईला ढकललं आणि मला तिच्यावर. मग आपला पदर सोडून आमच्या दोघींवर पांघरला आणि आमच्यावर वाकून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ उघडी पडली होती. खालून नाल्याकडून माणसांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. मला तीन-चार ठिकाणी डसल्या, आईला कपाळावर. राजुलबाईंना किती डसल्या ते मला कळत होतं, कारण प्रत्येक वेळी त्यांचं अंग माझ्या खांद्याशी थरथरे. तोंडानं णमोकार चालू होता, एस.टी.त चालायचा तसाच, त्याच घाईघाईनं.

आपण इथेच मरणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती. फक्त आईचा श्वास चालू आहे की नाही हे मी बोटांनी चाचपत होते.

ऊन उतरल्यावर माश्या हळूहळू परतल्या. राजुलबाईंचा चेहरा ओळखू येत नव्हता. डावा डोळा पार मिटला होता. लेण्याची फरशी मेलेल्या आणि मरू घातलेल्या माश्यांनी भरली होती, डसलेली माशी वाचत नाही. राजुलबाई खाली बसल्या आणि एका हातानं चाचपून त्यांना बाजूला सारू लागल्या, आमचा पाय पडू नये म्हणून. "केवढे जीव गेले," एवढंच त्या म्हणाल्या.

खाली उतरलो तर माणसं पायऱ्यांशी गोळा झाली होती. कोणाची तोंडं सुजलेली, एक तरुण माणूस ओल्या धोतरात गुंडाळून निजवलेला, त्याची बायको छाती पिटत होती. तो पुढे वाचला, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक नव्हतं. म्हातारे पंच काठी टेकत पुढे आले.

"धूर कोनं केला?"

गर्दीतून एकजण म्हणाला, "या दोघी कोन? आपल्यातल्या नाही दिसत."

मला त्या क्षणी माश्यांपेक्षा त्या माणसांची भीती जास्त वाटली. कोणीतरी आडनाव विचारणार, मी सांगणार, आणि मग लेणं बाटलं म्हणून माश्या उठल्या असं घरोघरी होणार. एक माणूस मरायला टेकलेला. आमच्या वस्तीवर काय येईल याची चित्रं माझ्या डोळ्यांसमोर भराभर येत होती. आईला हे सगळं माझ्याआधी कळलं असावं. तरी ती एक पाऊल पुढे झाली. "म्या..." तिनं तोंड उघडलं.

राजुलबाईंनी तिचा हात इतका जोरात ओढला की ती मागेच आली. मग त्यांनी आपली मिटलेली मूठ पंचांपुढे उघडली. तळहात भाजला होता आणि त्यात चुरगाळलेल्या उदबत्त्या होत्या.

"म्या लावली," त्या म्हणाल्या. "या माह्या शाळेतल्या. माह्या संगं आल्या."

पंच त्या हाताकडे बघत राहिले. दरसाल त्यांचेही खिसे तपासणारी ही बाई. त्यांना ते खरं वाटलं असेल असं मला वाटत नाही. पण राजुलबाई खोटं बोलतात, असं म्हणायला तिथे कोणाचीच जीभ उचलली नाही. पंच शेवटी म्हणाले, "यापुढं लेन्यावर चढाचं नाही, राजुल."

"हो जी," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्या शाळेत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. डाव्या डोळ्यात कायमचं फूल पडलं होतं. जगाचे खिसे झाडते आणि स्वतः ऊद लावते, असं त्यांच्या आळीतल्या बाया बोलत होत्या. सासूनं अबोला धरला होता. आई अकोल्याला जायला तयार नव्हती, पंचांपुढे जाऊन खरं सांगते म्हणत होती. राजुलबाईंनी तिला हात जोडले. "तुमी गेल्या तं माहं खोटं उघडं पडन. मले भेव वाटते."

मी त्यांना एकटीला गाठून विचारलं, "का केलंत असं? तुम्ही तर खोटं बोलत नाही."

"त्याचंच भेव वाटून राह्यलं आता," त्या म्हणाल्या. "माश्या मेल्या ते येगळं, खोटं बोलली ते येगळं. दोन्हीचे उपास येगळे धरले."

"पण का?"

त्या पाणी गाळत होत्या. फडकं पिळलं, पेला माझ्या हातात दिला. "माश्या सांजच्याले बसतात, सुमन. मानसं बसत नाहीत."

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पुढे माझं लग्न झालं, मी हिवरखेडला गेले. आईही थकल्यावर माझ्याकडेच आली. राजुलबाईंची खबर अधूनमधून कोणी सांगे, एवढंच.

बऱ्याच वर्षांनी एका माघात आम्ही मायलेकी परतवाड्याचं एक लग्न आटोपून एस.टी.नं परतत होतो. फाट्यावर गाडी थांबली. यात्रेकरू उतरू लागले, आणि मी खिडकीतून पाहिलं तर सडकेच्या कडेला, निंबाखाली, जिथून लेण्याची पाऊलवाट सुरू होते तिथे राजुलबाई बसल्या होत्या. लेण्यावर चढायची बंदी होती. फाट्यावर बसायची नव्हती. पदराचा सोगा काडीपेट्यांनी जड झाला होता. पुरुष वाकून वाकून खिसे रिकामे करत होते. आणि आता त्या बायांनाही विचारत होत्या.

"मेनबत्ती नाही ना जवळ? अगरबत्ती?"

एक बाई हसली. "राजुलबाई, मेनबत्ती कोन आनते वं देवापुढं?"

"आनते कोनी," त्या म्हणाल्या. "आनली तं मापाशी ठेवाव, अन् बिनघोर वर जाव."

आईनं खिडकीतून हाक मारली. राजुलबाई उठल्या, गाडीजवळ आल्या, उजवा डोळा बारीक करून वर पाहत राहिल्या. आम्हाला त्या ओळखू शकल्या नसाव्यात. आई म्हणाली, "मास्तरीनबाई, मी आहो. सुमनची माय."

त्यांनी आधी मागे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग खिडकीच्या दांडीवर हात ठेवला आणि सगळ्यांना विचारत होत्या तेच, त्याच आवाजात विचारलं, "मेनबत्ती आहे काय जवळ?"

आईच्या पिशवीत ती नेहमीच असे. आईनं ती काढून त्यांच्या हातात दिली. तळहातावर भाजल्याचा डाग अजून होता. राजुलबाईंनी मेणबत्ती पदराच्या सोग्यात काडीपेट्यांबरोबर नीट बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"येतानी घेऊन जाजा," त्या म्हणाल्या.

आम्ही वर जाणार नव्हतो. कंडक्टरनं घंटी दिली. आई वळणापर्यंत मागे पाहत राहिली, आणि राजुलबाई तोवर पुढच्या बाईची पिशवी तपासू लागल्या होत्या.